चार आण्यांचा पत्रा, बारा आण्यांची मजुरी

डेट्रॉइट शहराच्या पोटात, जमिनीखाली सुमारे साडेतीनशे मीटरवर, मिठाची खाण आहे. थंडीत रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी तिथले मीठ वापरले जाते. म्हणजे ज्या शहराने अमेरिकेच्या मोटारी घडवल्या, त्याच शहराच्या तळघरात त्या मोटारींचा काळ ठाण मांडून बसला आहे! मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क या पट्ट्यात हिवाळे काढलेली १९६०च्या दशकातली गाडी वरून कितीही चकचकीत दिसली, तरी खालून तिची चाळण झालेली असू शकते. त्या काळी पत्र्याच्या आतल्या बाजूला गंजरोधक लेप जेमतेमच असे. या गाड्या पन्नास वर्षे चालवल्या जातील, असे त्या बनवणाऱ्यांच्याही मनात नव्हते.

डेट्रॉइटच्या उपनगरांत मोटारधंद्यात नोकरी करणारी मराठी मंडळी बरीच आहेत. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा ताफा निघतो. १९९५ साली सुरू झालेली ही ‘ड्रीम क्रूझ’ पाहताना एखाद्याच्या डोक्यात किडा शिरतो आणि पुढच्या उन्हाळ्यात घराच्या गॅरेजमध्ये अर्धवट उघडलेली ‘मसल कार’ येऊन उभी राहते. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या दोनदारी गाडीत बसवलेले दांडगे व्ही-एट इंजिन. १९६४च्या पॉन्टियाक जीटीओमध्ये ते ६.४ लिटरचे होते. मस्टँग आणि कॅमारो यांना काटेकोर भाषेत ‘पोनी कार’ म्हणतात, पण गंज असले भेद मानत नाही आणि या लेखापुरते आपणही मानायचे कारण नाही.

इंजिनाचे काम तसे सरळ असते. ते उघडता येते, मोजता येते, पुन्हा बांधता येते. हौशी माणसाचे बजेट कोसळते ते पत्र्याच्या कामात. सुट्या भागांच्या कॅटलॉगमध्ये एखादे मडगार्ड स्वस्त दिसते, मागवले जाते, आणि मग दरवाज्याशी फट जुळत नाही, कड वाकडी बसते, बोल्टचे भोक अर्धा इंच सरकलेले निघते. अमेरिकेत चांगल्या रिस्टोरेशन गॅरेजचा तासाचा दर शंभर डॉलरच्या पुढे सहज जातो. त्या दराने कसबी डेंटर दोन-तीन दिवस त्या मडगार्डशी झुंजला, की पत्र्यात वाचवलेले पैसे कुठल्या कुठे जातात. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला! म्हणून पॅनेल निवडताना ‘केवढ्याला?’ या प्रश्नाआधी ‘बसवायला किती तास?’ हा प्रश्न विचारायला हवा. बाकी सगळे निर्णय त्याच्या मागून येतात.

आधी गाडी, मग कॅटलॉग

खरेदीची यादी करण्यापूर्वी गाडी कुठे सडली आहे हे नक्की कळले पाहिजे. पातळ फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावा. जिथे तो धरत नाही तिथे खाली पुट्टीचा थर आहे असे समजावे. चाकांच्या कमानी, मागच्या पॅनेलचा खालचा भाग, दरवाज्याखालचे रॉकर, डिकीचा तळ आणि काचांच्या चौकटी या ठरलेल्या जागा आहेत. छतावर रेक्झिनचे आवरण असेल तर संशय दुप्पट करावा, कारण पाणी त्याखाली शिरून काचेच्या कडेला वर्षानुवर्षे मुरते. स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहायला मालकाने हरकत घेतली, तर त्यातच उत्तर मिळाले.

पहिल्या पिढीच्या मस्टँगची एक परीक्षा मात्र कधीच चुकवू नये. पुढच्या काचेखाली, वायपरजवळ, हवा आत घेणारी जाळी असते. तिच्याखाली पत्र्याचा लांबट हौद आहे आणि त्यात हवा आत सोडण्यासाठी टोपीसारखे उभे गळे आहेत. झाडाची पाने आणि धूळ या हौदात साचते, ओल धरते आणि गळ्यांच्या बुडाशी पत्रा खाल्ला जातो. बाहेरून काहीच दिसत नाही. गाडीतला गालिचा वर करावा, एकाने डॅशबोर्डखाली बॅटरीचा झोत धरावा आणि दुसऱ्याने जाळीतून सावकाश पाणी ओतावे. पाणी बाहेर, मडगार्डच्या मागून निघाले तर ठीक. आत पायाशी ठिबकले, तर गाडीचा फ्लोअर का सडला याचा उलगडा झाला. हा हौद दुरुस्त न करता नवा फ्लोअर बसवणे म्हणजे तोच फ्लोअर पुन्हा सडवण्याची सोय करणे. हौद बदलायला पुढची काच आणि मडगार्ड काढून ढीगभर स्पॉट वेल्ड फोडावे लागतात. गाडीची किंमत ठरवण्याआधीच हे कळलेले बरे.

पत्रा येतो कुठून

सर्वांत मानाचा माल ‘एनओएस’. कंपनीनेच त्या काळी सुटा भाग म्हणून काढलेला आणि कुणा डीलरच्या गोदामात पडून राहिलेला. मूळ डायवर दाबलेला असल्याने त्याच्या रेषा सहसा बिनचूक असतात. पण पन्नास वर्षे गोदामात पडलेला पत्रा म्हणजे नवा पत्रा नव्हे. हलवाहलवीत पोचे येतात, कड वाकते, लेबलाखाली गंज धरतो. शिवाय कंपन्या एकच सुटा भाग अनेक मॉडेलांना चालावा म्हणून थोडा बदलून काढत असत, त्यामुळे खोक्यावर कंपनीचे नाव असले तरी एखादे भोक जादा किंवा कमी असू शकते. भाव तर हौसेचे असतात. दुर्मीळ, क्रमांक जुळणारी, प्रदर्शनात उतरवायची गाडी असेल तरच तो भाव परवडतो.

दुसरा माल म्हणजे जुन्याच गाडीवरून काढलेले मूळ पॅनेल. या लेखाचा कल उघडपणे याच्याकडे आहे. ॲरिझोना किंवा दक्षिण कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेतल्या भंगार आवारांत अशा गाड्या मिळतात, ज्यांची आतली आसने उन्हाने फाटली आहेत, रंग उडाला आहे, पण पत्रा शाबूत आहे. वाकलेला पत्रा ठोकून सरळ करता येतो, सडलेला नाही. तिथल्या मडगार्डला हातभर पोचा असला, तरी ते ईशान्येकडच्या दिसायला सरळ मडगार्डपेक्षा उजवे ठरू शकते. मागवताना आतल्या बाजूचे फोटो मागावेत. जुन्या ठोकाठोकीच्या खुणा आणि पुट्टी तिथेच उघडी पडते. वेल्ड केलेले पॅनेल असेल तर ते टॉर्चने सपासप कापू नये, कारखान्याच्या जोडापासून चार बोटे जास्त ठेवूनच कापावे, असे विकणाऱ्याला आधीच बजावावे.

तिसरा, आणि आज सर्वाधिक खपणारा माल म्हणजे पुनर्निर्मित पॅनेल. कॅलिफोर्नियाची डायनाकॉर्न आणि जॉर्जियाची ऑटो मेटल डायरेक्ट ही त्यातली मोठी नावे. दुसरी कंपनी विशेषतः डॉज-प्लिमथच्या पत्र्यांसाठी ओळखली जाते. या बाजारातला बराच माल तैवानमध्ये दाबला जातो. त्यावरून नाक मुरडायचे कारण नाही. डाय चांगली असेल तर पॅनेल चांगले निघते आणि गेल्या काही दशकांत डाय पुष्कळ सुधारल्या आहेत. खरी अडचण अशी, की एकाच कंपनीचे डिकीचे झाकण उत्तम बसते आणि त्याच कंपनीच्या मडगार्डला दोन दिवस झुंजावे लागते. नावावर विसंबून चालत नाही. नेमक्या त्या वर्षाच्या, त्या बाजूच्या, त्या भागाच्या क्रमांकाबद्दल ते बसवलेल्या डेंटरला विचारावे लागते. फोर्ड किंवा जनरल मोटर्सच्या परवान्याचा शिक्का असला तर उत्तमच, पण तेवढ्यावर फटी जुळतीलच असे नाही.

सरसकट पूर्ण पॅनेल मागवण्याआधी आणखी एक पर्याय तपासावा, तो म्हणजे तुकडा. मडगार्डचा फक्त खालचा वीतभर भाग गेला असेल आणि वरची सगळी रेष मूळ असेल, तर खालचा तुकडा जोडून मूळ मडगार्ड वाचवणे बहुतेक वेळा शहाणपणाचे असते. दरवाज्याशी, बॉनेटशी ते मडगार्ड आधीच जुळलेले असते आणि जुळवण्याचे तास वाचतात.

एक फरक सतत डोक्यात ठेवावा. पुढची मडगार्डे, बॉनेट, दरवाजे, डिकीचे झाकण हे सगळे बोल्टवर बसते. निवड चुकली तर काढून परत पाठवता येते, निदान विकता तरी येते. मागचे क्वार्टर पॅनेल, रॉकर, फ्लोअर, छत वेल्डने बसते आणि तिथे चूक झाली की ती गाडीतच राहते. पैसे मोजके असतील तर चांगला माल वेल्डच्या जागी घालावा.

वर्षाचा घोळ

‘६७ ते ६९ कॅमारोसाठी’ असे लिहिलेल्या जाहिराती पाहिल्या की सावध व्हावे. १ जानेवारी १९६८ पासून बनलेल्या गाड्यांना बाजूला दिवे किंवा परावर्तक लावणे अमेरिकेत सक्तीचे झाले. त्यामुळे १९६८च्या कॅमारोच्या मडगार्डला आणि मागच्या पॅनेलला त्या दिव्याची खाच आहे, १९६७च्या पॅनेलला नाही. १९६७च्या दरवाज्यात पुढे तिकोनी उघडणारी काच आहे, १९६८मध्ये ती गेली. म्हणजे दरवाजेही डोळे झाकून अदलाबदल करता येत नाहीत. १९६९ला तर बॉनेट आणि डिकीचे झाकण वगळता बाहेरचा जवळजवळ सगळा पत्रा नवा आला. चाकांच्या कमानींपासून मागे ओढलेली ती धारदार रेष त्याच वर्षाची आहे. डॉज चार्जरची गंमतही अशीच आहे. १९६८ला बाजूचे दिवे गोल होते, १९६९ला आयताकृती परावर्तक आले, आणि मागचे दिवेही गोलाचे लांबट झाले. खाच बुजवून किंवा नवी पाडून काम निभावता येते, पण त्याचेही तास लागतातच.

चार्जरप्रेमींच्या वाट्याला आणखी एक दुखणे आले आहे. ‘द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ या मालिकेच्या चित्रणात १९६८ ते १९७० या वर्षांतल्या शेकडो चार्जर उडवून, आपटून मोडल्या गेल्या. आज एखादे मूळ क्वार्टर पॅनेल शोधत फिरणाऱ्याला टीव्हीवरच्या त्या उड्या पाहवत नसतील!

एएमसीच्या जॅव्हलिन किंवा एएमएक्सच्या मालकाची परिस्थिती त्याहून अवघड. त्या गाड्यांसाठी पुनर्निर्मित पत्रे फारच थोडे निघाले आहेत. तिथे जुन्या गाडीवरून काढलेला पत्रा किंवा हाताने घडवलेला तुकडा हाच मार्ग, आणि गाडी विकत घेतानाच तिच्याबरोबर दुसरी ‘सुट्या भागांची’ गाडी मिळते का ते पाहावे. १९६७च्या शेल्बी मस्टँगचे बॉनेट आणि नाक मुळातच फायबरग्लासचे होते. तिथे लोखंडी पॅनेल घालणे म्हणजे सुधारणा नव्हे.

क्वार्टर पॅनेल: पूर्ण की कातडे

मागच्या चाकावरून छताला भिडणारा तो मोठा पत्रा हा सगळ्यांत जोखमीचा. बाजारात तो दोन रूपांत मिळतो. एक पूर्ण, म्हणजे दरवाज्याची मागची चौकट, काचेची कड आणि डिकीच्या पन्हळीसकट, कारखान्यात जिथे जोड होता तिथपर्यंत. दुसरा नुसता ‘स्किन’, म्हणजे बाहेरचे कातडे. स्किन स्वस्त असते आणि नवशिक्याला ती सोपी वाटते. पण तिचा जोड पडतो सपाट, मोकळ्या पत्र्याच्या मधोमध. तिथे सलग वेल्ड मारला की उष्णतेने पत्रा लाटा घेतो आणि त्या लाटा पुट्टीखाली लपवाव्या लागतात. दुपारच्या उन्हात गाडी तिरपी पाहिली की लपवाछपवी उघडी पडते.

पूर्ण पॅनेलला उघडझाप जास्त आहे, पण जोड मूळ जागी येतात आणि मूळ वाटतात. आठ मिलीमीटरच्या कटरने जुने स्पॉट वेल्ड फोडायचे, नव्या पत्र्यात तेवढीच भोके पाडून ती वेल्डने भरायची. छताशी येणारा जोड त्या काळी कारखान्यात शिशाने भरत. ते शिसे काढताना कोरडे घासू नये, धूळ फुप्फुसात जाते. मास्क आणि हातमोजे घालून, तापवून, खरवडून काढावे आणि काम संपल्यावर हात धुवावेत. घरातली लहान मुले तेवढा वेळ गॅरेजपासून लांब ठेवावीत.

खालचा वीतभर भागच गेला असेल तर मात्र पूर्ण पॅनेलचा हट्ट धरू नये. मूळ पत्र्याच्या वरच्या रेषा शाबूत असताना त्या कापून फेकणारे लोक पुढे ती रेष परत मिळवायला आठवडे घालवतात.

मस्टँग, डॉज चॅलेंजर, प्लिमथ बाराकुडा यांना वेगळी चॅसी नाही. फ्लोअर, रॉकर आणि आतले पत्रे हाच त्यांचा कणा. कॅमारोला पुढे सुटी सबफ्रेम आहे. शेव्हेल आणि जीटीओ पूर्ण चॅसीवर बसतात. कणा असलेल्या पत्र्यात दिसण्यापेक्षा जाडी आणि मापे महत्त्वाची, आणि तिथे चांगले पुनर्निर्मित पॅनेल बिनदिक्कत घ्यावे. पण दोन्ही बाजूंचे रॉकर एकदम कापू नयेत. दरवाज्याच्या चौकटीत आधी आडवा-तिरपा पाइप टाका मारून घट्ट करावा. कन्व्हर्टिबलला छताचा आधारच नसल्याने तिच्या बाबतीत हे न करणे म्हणजे गाडी मधोमध बसवणे. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये कर्णांची मापे दिलेली असतात, ती कापण्याआधी आणि वेल्डनंतरही तपासावीत.

माल दारात आला की

मोठे पॅनेल ट्रकने येते. ड्रायव्हर घाईत असला तरी सही करण्यापूर्वी खोके फोडून कोपरे पाहावेत. वाकलेली कड त्याच्यासमोर पावतीवर लिहून घेतली नाही, तर पुढे कुणीच जबाबदार नसते. भोक पाडलेला किंवा प्रायमर मारलेला माल बहुतेक विक्रेते परत घेत नाहीत, हेही आधी वाचून ठेवावे.

नंतर जाडी मोजावी. कडेला कॅलिपर लावला की कळते. त्या काळचा बाहेरचा पत्रा साधारण १९-२० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ ते १ मिलीमीटर. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. २२ गेजचा पत्रा जेमतेम पाऊण मिलीमीटरचा असतो. तो वेल्डला लवकर जळतो आणि हाताने दाबला तरी डुबकन आत जातो.

पुनर्निर्मित पॅनेलवर काळा लेप असतो. काही ठिकाणी तो विजेच्या प्रवाहाने चढवलेला पक्का प्रायमर असतो, काही ठिकाणी नुसता वाहतुकीत गंज धरू नये म्हणून फवारलेला. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पांढऱ्या फडक्यावर लॅकर थिनर घेऊन आतल्या बाजूला एका जागी मिनिटभर घासावे. फडके पांढरेच राहिले, तर लेप पक्का आहे. त्याला बारीक एमरी मारून वर इपॉक्सी प्रायमर देता येतो. फडके काळे झाले आणि खालून चमकता पत्रा दिसू लागला, तर तो लेप पुरता उतरवावा. त्यावर दिलेला महागडा रंग एक दिवस पापुद्र्याने निघतो.

पॅनेल पसंत पडले तरी लगेच वेल्ड करायचे नाही. दरवाजे, मडगार्डे, बॉनेट, डिकी, नवे क्वार्टर पॅनेल सगळे आधी क्लॅम्प आणि स्क्रूंवर कोरडे बसवून पाहायचे. त्या वेळी गाडी जॅकवर लोंबकळत नको, स्वतःच्या चाकांवर, वजनासकट उभी हवी. कॅमारो-शेव्हेलच्या बॉडीखालचे रबर बुश चेपलेले असतील तर ते आधी बदलावेत, नाहीतर आज जुळवलेली फट बुश बदलल्यावर उद्या सरकते. नवा रबरी बीडिंगसुद्धा या वेळीच दरवाज्याला लावावा. तो जाड असतो आणि दरवाजा दोन-तीन मिलीमीटर बाहेर ढकलतो. रंग झाल्यावर हे कळले तर डोक्याला हात लावण्यापलीकडे काही उरत नाही. फटीचे माप म्हणून तीन-सोळांश इंची ड्रिलचा बिट हाताशी ठेवावा. पावणेपाच मिलीमीटरचा तो बिट सगळ्या फटींतून सारखा फिरला, तर कारखान्यातून निघाली तेव्हाही ती गाडी इतकी सरळ नसेल.

रॉकर बंद करण्याआधी आतून वेल्डला चालणारा जस्ताचा प्रायमर मारावा, वेल्डनंतर मेण फवारावे, आणि पाणी निघण्याची खालची भोके सीलरने बुजलेली नाहीत ना ते पाहावे. जुना रॉकर सडण्यात या बुजलेल्या भोकांचा वाटा मोठा असतो.

क्रमांक कापला जाऊ नये

पत्र्याबरोबर गाडीची ओळखही कापली जाण्याची भीती असते. मस्टँगचा ओळख क्रमांक चालकाच्या बाजूच्या आतल्या एप्रनवर ठोकलेला आहे. १९६८पासूनच्या डॉज-प्लिमथमध्ये क्रमांकाचा काही भाग रेडिएटरच्या आधारपट्टीवरही आढळतो. ती पट्टी बदलून चकचकीत नवी घातली, की क्रमांक जुळणारी गाडी न जुळणारी होते आणि तिची किंमत उतरते. अशा जागी शक्यतो मूळ पत्राच वाचवावा, आजूबाजूला तुकडे जोडावेत. जाणूनबुजून क्रमांक काढणे किंवा बदलणे हा अमेरिकेत संघीय गुन्हा आहे. दुरुस्तीसाठी कायद्यात सवलत असली तरी राज्यागणिक नियम वेगळे आहेत. म्हणून कटर चालवण्यापूर्वी राज्याच्या मोटार वाहन विभागाकडे लेखी विचारणा करावी.

गाडीत वाचवण्याजोगे काहीच उरले नसेल, तर डायनाकॉर्नसारख्या कंपन्या १९६९च्या कॅमारोचा किंवा १९६७च्या मस्टँग फास्टबॅकचा अख्खा नवा सांगाडाही विकतात. पत्र्याच्या कामाचे तास वाचतात, गंजाची भानगडच नाही. पण त्या सांगाड्याला त्या काळचा क्रमांक नसतो, आणि भंगारातल्या गाडीची पट्टी उचलून त्यावर लावता येत नाही. नोंदणी कोणत्या वर्षाची मिळेल आणि विमा कंपनी गाडीची किंमत किती धरेल, हे ऑर्डर देण्याआधी ठरवावे. इतर कोणत्याही मार्गाने गेले, तरी प्रत्येक पॅनेलची पावती, कापण्यापूर्वीचे फोटो आणि क्रमांक असलेला कापलेला तुकडा गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावा. पुढचा गिऱ्हाईक लोहचुंबक घेऊनच येतो.